दशमांश कशाचा काढायचा, आणि उरलेल्या नव्वद टक्क्यांचं काय?

रविवारी अर्पणाची थैली समोर आली की खिशात हात घालायचा आणि हाताला लागेल ती नोट टाकायची, अशी आपल्या बहुतेक ख्रिस्ती घरांतली देण्याची रीत आहे. पाच तारखेच्या रविवारी ती नोट पाचशेची असते, पंचविसाव्या तारखेला वीसची. वर्षभरात एकूण किती दिलं, हे विचारलं तर घरात कोणालाच सांगता येत नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, (१ करिंथ १६:२) नेमकं याच्या उलट सांगितलं आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे आपापल्या घरी रक्कम बाजूला काढून ठेवावी, म्हणजे पौल आल्यावर धावाधाव करून वर्गणी गोळा करावी लागणार नाही. रक्कम आधी ठरवायची, वेगळी ठेवायची आणि मग द्यायची. घराचं सगळं आर्थिक नियोजन याच क्रमावर उभं करता येतं.

तीन महिने नुसतं लिहा

पहिले तीन महिने काहीही बदलू नका. फक्त खर्च लिहा. बँकेचं विवरण आणि यूपीआयची यादी महिनाअखेरीला समोर ठेवली की ऐंशी टक्के काम होतं. रोखीचा खर्च तेवढा वहीत रोज टिपा. पैसे एटीएममधून काढले याची नोंद म्हणजे खर्चाची नोंद नव्हे, ही चूक हमखास होते.

या वहीत न दिसणारा खर्च वर्षातून एकदाच येतो आणि घर नेमकं त्यातच कोलमडतं. जूनमधली वह्या-पुस्तकं, नाताळचे कपडे आणि फराळ, मेमधल्या लग्नांचे आहेर, विम्याचे हप्ते. हे सगळं एका कागदावर मांडा. चार जणांच्या घराचा अंदाज असा येऊ शकतो: नाताळ १५,०००, शाळेची जूनची खरेदी १२,०००, आरोग्य विमा १६,०००, मुदतीचा (टर्म) विमा ७,०००, दुचाकीचा विमा आणि दुरुस्ती ४,०००, आहेर ६,०००. बेरीज ६०,०००, म्हणजे महिन्याला ५,०००. एवढ्याचं आवर्ती ठेव खातं जानेवारीत उघडलं की डिसेंबरात कोणापुढे हात पसरावा लागत नाही. नाताळचं कर्ज ईस्टरपर्यंत फेडत बसणारी घरं कमी नाहीत. त्यांची कमाई कमी असते असं नाही. डिसेंबर येणार हे माहीत असूनही त्यांनी तो कागदावर घेतलेला नसतो.

दशमांश कोणत्या आकड्याचा?

दशमांश म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाच्या कामाला देणं. तो कशावर काढायचा यावर मंडळ्यांमध्ये बरीच वादावादी चालते. नवा करार दहा टक्क्यांचा नियम घालून देत नाही, असं मानणाऱ्या मंडळ्या आहेत, आणि दहा टक्के ही फक्त सुरुवात, असं मानणाऱ्याही आहेत. तुमच्या मंडळीची शिकवण काहीही असो, हिशेबाला एक आकडा लागतोच.

नोकरदारांसाठी उदाहरण घेऊ. एकूण पगार ५०,०००. त्यातलं मूळ वेतन २५,०००, त्याच्या १२ टक्क्यांनी पीएफ ३,०००, व्यवसाय कर २००. हातात ४६,८००. एकूण पगारावर दशमांश ५,०००, हातातल्या रकमेवर ४,६८०. फरक ३२० रुपयांचा. त्यासाठी भांडू नका, एक रीत धरा आणि ती लिहून ठेवा. कारण पुढे प्रश्न येतो तो निवृत्तीच्या वेळी. हातातल्या रकमेवर देत आला असाल, तर पीएफ मिळेल तेव्हा पूर्ण रकमेचा विचार करायचा. एकूण पगारावर देत आला असाल, तर तुमच्या कपातीचा भाग देऊन झालेला आहे. मालकाचा वाटा आणि व्याज एवढंच उरतं.

शेतकऱ्याने विक्रीच्या पट्टीवर, म्हणजे माल विकून आलेल्या एकूण रकमेवर, दशमांश काढू नये. कांद्याची पट्टी २,४०,००० ची झाली, आणि बियाणं, खत, औषधं, मजुरी, गोण्या, गाडीभाडं मिळून १,५०,००० गेले, तर उत्पन्न ९०,००० आणि दशमांश ९,०००. पट्टीवर काढलेले २४,००० पुढच्या हंगामाच्या खतातून जातात आणि मग ते खत उधारीवर येतं. पीककर्ज खात्यात जमा झालं म्हणून त्यावर काही काढायचं नाही, ती मिळकत नव्हे. दुकानदाराचंही तसंच: गल्ल्यावर नाही, नफ्यावर. त्यासाठी घराचा आणि दुकानाचा पैसा आधी वेगळा हवा. गल्ल्यातून भाजी आणणाऱ्याला नफा किती हे कधीच कळत नाही.

दहा टक्के आजच झेपत नसतील तर तीन टक्क्यांनी सुरू करा आणि दर पगारवाढीला एक टक्का वाढवा. वाढीव पगार खर्चाला सवकायच्या आत हे करायचं. तीन महिन्यांनी केलं तर जड जातं.

महिन्याचा आराखडा

वरच्याच ४६,८०० चा एक आराखडा. अर्पण ४,६८०. घरभाडं किंवा हप्ता ९,०००. किराणा, भाजी, दूध, गॅस ११,५००. वीज आणि मोबाइल १,८००. शाळा व शिकवणी ४,५००. प्रवास ३,०००. वार्षिक खर्चाची आवर्ती ठेव ५,०००. बचत ५,०००. उरलेले २,३२० किरकोळ. मुंबईत भाड्याचा आकडा हसू आणेल आणि श्रीरामपुरात तो जास्त वाटेल. आकडे तुमचे घाला, क्रम मात्र हाच ठेवा.

अर्पणासाठी वेगळं बचत खातं उघडा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम तिकडे आपोआप जाईल अशी कायमची सूचना बँकेला द्या. देणं त्याच खात्यातून करायचं, आणि त्या खात्याला घरखर्चासाठी हात लावायचा नाही. मिझोरमच्या बायका १९१० पासून हेच तांदळावर करत आल्या आहेत. प्रत्येक वेळी भात लावताना एक मूठ तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात, त्याला बुहफाइ थाम म्हणतात. मूठ शिजवायच्या आधी निघते, जेवून उरलेल्या भातातून नाही.

या खात्यातल्या ४,६८० चे तीन भाग करा. सुमारे ३,००० आपल्या मंडळीला, कारण पाळकाचं मानधन आणि विजेचं बिल दर महिन्याला असतंच. ७८० एखाद्या संस्थेला, वर्षभर तीच. आणि ९०० ‘कोपरा’ म्हणून. लेवीय १९:९-१० मध्ये शेताचे कानेकोपरे कापायचे नाहीत, ते गरीब आणि उपऱ्यासाठी सोडायचे असं सांगितलंय, त्यावरून हे नाव. कोपऱ्याचा पैसा न ठरवलेल्या गरजेसाठी असतो. शेजारच्या विधवेच्या मुलाची फी, कोणाचं अचानक आलेलं दवाखान्याचं बिल. गरज आली नाही तर रक्कम साठू द्या. पाच-सहा हजार झाले की एखाद्या मुलाच्या शाळेत थेट फी भरा आणि पावती त्याच्या आईकडे द्या. रोख हातात दिली की ती बहुधा किराण्याची जुनी उधारी फेडण्यात जाते. त्यात तिचा दोष नाही, पण फी तशीच राहते. अनुवाद १४:२८-२९ मध्ये तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (मंदिरसेवा करणारा वंश), उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायला सांगितलाय, तेव्हा सगळाच दशमांश मंडळीच्या पेटीत गेला पाहिजे हा आग्रह शास्त्राला धरून वाटत नाही.

कर्ज असेल तर

सावकाराचं व्याज शेकड्यावर, महिन्याचं सांगतात. ‘शेकडा चार’ ऐकायला किरकोळ वाटतं. ६०,००० वर ते महिन्याला २,४०० होतं, वर्षाला २८,८००, आणि मुद्दल जागच्या जागी. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढते, म्हणजे सावकाराच्याच जवळपास.

घरात सोनं असेल तर हे कर्ज सोनेतारणावर फिरवा. वर्षाला १२ टक्के दर धरला तर ६०,००० वर महिन्याचं व्याज ६००. सावकाराला देत होता तेच २,४०० दर महिन्याला भरत राहिलात तर २९ महिन्यांत दागिना घरी येतो. सोनेकर्ज साधारण वर्षाच्या मुदतीचं असतं, म्हणून नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहा. ती चुकली की लिलावाची नोटीस येते. सावकाराकडे परवाना नसेल, किंवा त्याने जमीन लिहून घेतली असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

कर्ज फिटेपर्यंत अर्पण थांबवायचं का? पूर्ण थांबवू नका, सवय मोडते. पण महागडं कर्ज डोक्यावर असताना ते ४,६८० वरून ५०० वर आणायला काही हरकत नाही. किराणावाल्याचे चार महिन्यांचे पैसे अडवून व्यासपीठावर पाच हजार देणं म्हणजे त्या दुकानदाराच्या पैशाने दान करणं झालं.

जामीन राहणं हा आपल्याकडचा मोठा खड्डा आहे. मंडळीतला भाऊ पतसंस्थेचा अर्ज घेऊन येतो, ‘फक्त सही पाहिजे’ म्हणतो. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते आणि पगारातून कपात जामीनदाराचीही होते, बहुतेक वेळा त्याचीच आधी, कारण त्याची नोकरी पक्की असते. नीतिसूत्रांत (६:१-५, ११:१५) याबद्दल इतकं स्पष्ट बजावलं आहे की नाही म्हणताना संकोच वाटायचं कारण नाही. मदत करायचीच असेल तर कोपऱ्यातून जमेल तेवढं द्या आणि परत येणार नाही असं धरूनच द्या.

साठवण आणि विमा

साठवण म्हणजे अविश्वास, असं प्रवचनातून अधूनमधून ऐकू येतं. मग योसेफाने मिसरात (इजिप्तमध्ये) सात वर्षं धान्याची कोठारं भरली त्याला काय म्हणायचं?

आधी तीन ते सहा महिन्यांच्या अत्यावश्यक खर्चाएवढी रक्कम उभी करा. वरच्या घरात ती साधारण नव्वद हजार ते एक लाख ऐंशी हजार होते. यातली निम्मी बचत खात्यात, निम्मी कधीही मोडता येईल अशा मुदत ठेवीत. कुठे ठेवता याला महत्त्व आहे. बँकेत, मग ती सहकारी का असेना, प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना (व्याजासह) डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचं विमा संरक्षण असतं. पतसंस्थेत ते नसतं. अर्धा-एक टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून अडचणीसाठीचा पैसा पतसंस्थेत टाकणं हा हिशेब तोट्याचाच. आपल्या लोकांची सहकारातली परंपरा जुनी आहे, वसईच्या कॅथलिकांनी १९१८ मध्ये सुरू केलेल्या संस्थेची पुढे बॅसीन कॅथलिक बँक झाली. पण ओळखीच्या माणसांनी चालवलेली संस्था आणि विमा असलेली ठेव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विम्यात दोनच गोष्टी बघा. कमावत्या माणसावर वार्षिक उत्पन्नाच्या दहा ते पंधरा पट मुदतीचा विमा, आणि घरातल्या सगळ्यांवर आरोग्य विमा. पैसे परत देणाऱ्या पॉलिसीत हप्ता मोठा आणि संरक्षण तोकडं असतं. मंडळीतलाच एजंट असला तरी गणित बदलत नाही. हप्ता अजिबात झेपत नसेल त्यांनी निदान बँकेत दोन सरकारी विमा योजनांचे अर्ज भरावेत. जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाख (प्रवेशाचं वय १८ ते ५०), सुरक्षा विमा २० रुपयांत २ लाखांचा अपघाती (१८ ते ७०). खात्यात मेअखेर शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि विमा गुपचूप बंद पडतो.

स्वतंत्र मंडळ्यांच्या पाळकांबद्दल एक गोष्ट कमिटीवाल्यांनी ऐकावी. त्यांना बहुधा पीएफ नसतो, घर मंडळीचं असतं, आणि साठाव्या वर्षी दोन्ही सुटतं. मानधनाशिवाय महिन्याला दोन हजार जरी त्यांच्या नावच्या एनपीएस (पेन्शन) किंवा पीपीएफ (भविष्य निर्वाह) खात्यात मंडळीने भरले, तर निरोप समारंभात शाल देताना मान खाली घालावी लागणार नाही.

देताना काय तपासायचं

यूपीआयचा कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव येतं. ते ट्रस्टचं असलं पाहिजे, कोणा व्यक्तीचं नाही. पाळक कितीही भला असो, वैयक्तिक खात्यात अर्पण टाकू नका. ते त्याच्याच अंगलट येतं. मंडळीचा निधी घेऊन जाताना पौलानेही सोबतीला माणसं घेतली, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८:१९-२१). पाळकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून ‘तातडीने पाठवा, नंतर सांगतो’ असा निरोप आला तर आधी फोन करून आवाज ऐका. खाती हॅक होतात.

महाराष्ट्रातला चर्चचा ट्रस्ट सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेला असतो. ३१ मार्चला हिशेब बंद करून ते लेखापरीक्षकाकडून तपासून घेणं त्याला बंधनकारक आहे, आणि जमीन विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. वार्षिक सभेत ताळेबंद मागा. मागणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जात असेल तर मोठी देणगी थोडी थांबवा. नेहमीचं अर्पण सुरू ठेवा आणि पुढच्या सभेत पुन्हा मागा.

करसवलतीबद्दल गैरसमज खूप आहेत. निव्वळ धार्मिक ट्रस्टला दिलेल्या अर्पणावर साधारणपणे प्राप्तिकरातली ८० जी कलमाची वजावट मिळत नाही. दवाखाना, वसतिगृह, अनाथालय चालवणाऱ्या मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेच्या देणगीवर मिळते, बहुधा रकमेच्या निम्म्यावर आणि उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. २,००० च्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. नुसती पावती पुरत नाही, संस्थेने प्राप्तिकर विभागाकडे भरलेल्या विवरणातून निघालेलं प्रमाणपत्र मागून घ्या. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट नाहीच. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा प्राप्तिकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी लोकांच्या तोंडी ८० जीच आहे.

वसईतल्या कित्येक घरांतलं कोणी ना कोणी आखातात किंवा कॅनडात असतं, आणि चर्चच्या जीर्णोद्धाराला तिकडून पैसे पाठवायचे असतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवले तर ती परदेशी देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललं असेल तर ठरते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असलं तरी. मग चर्चकडे एफसीआरएची (परदेशी देणगी कायद्याची) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं ठरलेलं खातं हवं. ‘माझ्या भावाच्या खात्यात टाकतो, तो चर्चला देईल’ ही पळवाट विश्वस्तांना गोत्यात आणते.

हंगामाच्या सणाचा लिलाव ही मात्र आपली खास गोष्ट. व्यासपीठाजवळ टेबलावर भोपळा, कोंबडी, गव्हाची पाटी. भोपळा पन्नासला सुरू होतो, दोन भावकीतले ईर्षेला पेटतात, बाराशे, पंधराशे, टाळ्या, आणि तीन हजारांवर हातोडा पडतो. गंमत असते, मंडळीच्या तिजोरीलाही बरं असतं. पण खजिनदाराच्या वहीत पुढच्या सणापर्यंत त्या भोपळ्याची बाकी तशीच असते. घरून निघताना आकडा ठरवा, तेवढीच रोख खिशात ठेवा आणि बोली त्याच्या वर गेली की खाली बसा. ‘हजाराचं बी पेरा, शंभरपट पीक घ्या’ म्हणणाऱ्या सभांनाही हीच युक्ती लागू पडते. तिथे तर घरूनच रिकाम्या खिशाने जावं.

मृत्युपत्र

ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ लागतो. बायको आणि मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींना समान. मुलं असली की म्हाताऱ्या आईवडिलांना काहीच मिळत नाही, ती तुमच्याच आधारावर जगत असली तरी. मार्क ७ मध्ये आईवडिलांचा वाटा ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहणाऱ्यांना येशूने फटकारलं आहे. इथे तर तो वाटा नुसत्या आळसाने जातो. आईसाठी रक्कम किंवा हयातभर राहण्याचा हक्क मृत्युपत्रात लिहा.

दोन साक्षीदार लागतात, आणि ते किंवा त्यांचा जोडीदार लाभार्थी नसावा. मुलाला साक्षीदार केलं की त्याच्या नावचा वाटा रद्द होतो. अविवाहित असताना केलेलं मृत्युपत्र लग्नानंतर आपोआप रद्द होतं, लग्नानंतर नवीन करावं लागतं. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे पण केलेली बरी. बँकेतलं नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, तो माणूस फक्त रक्कम ताब्यात घेतो. गोव्यात कायदा वेगळा: संपत्तीत जोडीदाराचा निम्मा हक्क असतो, आणि मुलं असतील तर स्वतःच्या हिश्श्यातल्याही निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं.

जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मादाय कामाला संपत्ती द्यायची तर मृत्युपत्र मरणाआधी किमान बारा महिने केलेलं आणि सहा महिन्यांत जमा केलेलं असावं, अशी कलम ११८ ची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली, त्यामुळे आता ही अडचण उरलेली नाही. अडचण उरते ती नावाची. ‘आमच्या चर्चला दोन लाख’ असं लिहू नका. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा वेगवेगळ्या जुन्या मंडळ्या एकत्र आल्या, नंतर काही फुटल्याही, आणि बऱ्याच ठिकाणी फलकावर एक नाव तर ट्रस्टच्या कागदावर दुसरं आहे. धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत असलेलं ट्रस्टचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि पैसे कशासाठी (पाळकांच्या निवृत्तीसाठी, मुलींच्या वसतिगृहासाठी) एवढं लिहा. शिवाय तो ट्रस्ट तेव्हा अस्तित्वात नसेल तर रक्कम कोणाला जावी, हेही एका ओळीत लिहून ठेवा.